वादळ सांगणारा सार्जंट

समजा, एका गावात शंभर माणसांची तपासणी करायची आहे आणि त्यांतल्या दोघांना एक गंभीर आजार आहे. एक डॉक्टर कोणालाही न तपासता शंभरही जणांना सांगतो की तुम्हाला काही झालेले नाही. त्याचे म्हणणे ९८ जणांच्या बाबतीत खरे ठरते. हिशेबाने हा डॉक्टर ९८ टक्के अचूक झाला. पण ज्या दोघांसाठी तपासणी ठेवली होती, तेच त्याच्या हातून सुटले. मग या ९८ टक्क्यांना काय किंमत द्यायची?

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे कोडे आज हमखास घातले जाते. ते गाजले मात्र १८८४ मध्ये, आणि तेही रुग्णालयात नव्हे, आभाळाच्या बाबतीत. गडगडाटी वादळातून टोर्नेडो केव्हा निर्माण होईल, हे आधी सांगण्याचा पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेच्या लष्करातील एका तरुणाने केला, त्या प्रयत्नाची अचूकता आकड्यांत मांडली आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्याचे नाव जॉन पार्क फिन्ली. वादळांचा अभ्यास करणाऱ्या जगात हे नाव आजही सर्वांच्या ओळखीचे आहे. अंदाज, निदान आणि इशारा या तिन्ही गोष्टींशी आपला रोजचा संबंध असल्याने त्यांचे आयुष्य आपणही समजून घेण्यासारखे आहे.

तारायंत्राच्या जोरावर हवामान

फिन्ली यांचा जन्म ११ एप्रिल १८५४ रोजी मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे झाला. मिशिगनच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी १८७३ मध्ये पदवी घेतली आणि १८७७ मध्ये ते लष्कराच्या सिग्नल विभागात दाखल झाले. शेतकी शिकलेला मुलगा हवामान शिकायला सैन्यात कसा गेला, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण असे की अमेरिकेत १८७० पासून हवामानाचे काम लष्कराच्या याच विभागाकडे होते. निरोप पोहोचवणे हे या विभागाचे मूळ काम, आणि हवामानाचा अंदाज म्हणजे शेवटी वेळेवर पोहोचलेल्या निरोपांचाच खेळ.

त्यापूर्वी हवामान ही प्रत्येक गावाची खासगी बाब होती. आपल्या डोक्यावर काय चालले आहे एवढेच माणसाला दिसे. तारायंत्र आल्यावर शेकडो मैलांवरील ठाण्यांत एकाच वेळी मोजलेला हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची दिशा तासा-दोन तासांत वॉशिंग्टनला पोहोचू लागली. ती नकाशावर मांडली की कमी दाबाचे क्षेत्र कुठे आहे आणि ते कुठे सरकते आहे, हे दिसू लागले. रुग्णाचा ताप एकदाच मोजला तर फारसे कळत नाही, पण दर चार तासांनी मोजून तक्ता काढला की आजाराची चाल लक्षात येते. नकाशाने हवामानासाठी नेमके हेच केले.

या नकाशांवर मोठी, संथ चालणारी वादळे पकडता येत होती. टोर्नेडो मात्र त्या जाळीतून निसटत असे. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत उतरलेला, प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा खांब. त्याची रुंदी बहुधा काहीशे मीटर, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. दोन हवामान ठाण्यांच्या मधल्या शंभर मैलांत तो जन्माला येऊन, एखादे गाव उद्ध्वस्त करून विरून जाई आणि कोणत्याही उपकरणावर त्याची नोंद होत नसे.

पडझडीतून काढलेला इतिहास

मे १८७९ च्या अखेरीस कॅन्सस, नेब्रास्का, मिसुरी आणि आयोवा या राज्यांत लागोपाठ दोन दिवस टोर्नेडोंनी थैमान घातले. त्यांची पाहणी करण्याचे काम फिन्ली यांच्याकडे आले. तेव्हा ते सार्जंट होते, वय पंचवीस. त्यांनी उद्ध्वस्त वस्त्यांत जाऊन पडझडीचे नकाशे काढले. झाडे कोणत्या दिशेला पडली, छप्परे कुठे जाऊन पडली, ढग कसा दिसला, आवाज कसा आला, आधी गारा की आधी पाऊस, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांच्याकडून नोंदवून घेतले. रुग्ण समोर आल्यावर आम्ही डॉक्टर आधी त्याची हकिकत विचारतो, मग तपासतो. फिन्ली यांनी वादळाची हकिकत अशीच विचारून घेतली. हा अहवाल १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर त्यांनी मागची दप्तरे उपसली. १७९४ ते १८८१ या काळातल्या सहाशे टोर्नेडोंची माहिती त्यांनी एकत्र केली. ते वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येतात, दिवसाच्या कोणत्या वेळी येतात, कोणत्या दिशेने सरकतात, हे त्यातून दिसू लागले. बहुतेक टोर्नेडो दुपार उलटल्यावर येतात आणि नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातात, असे चित्र उभे राहिले. एकेक घटना दैवी कोप वाटत होती. सहाशे घटना शेजारी ठेवल्यावर तिच्यात नियम दिसू लागला.

ठाणी कमी पडतात हे ओळखून फिन्ली यांनी गावोगावी टोर्नेडोची खबर देणारे स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. त्यांनी आपल्या परिसरातील वादळाची ठरावीक प्रश्नांची उत्तरे लिहून पाठवायची, अशी पद्धत होती. पुढे या खबऱ्यांची संख्या दोन हजारांवर गेली. आज साथीच्या रोगांची पहिली चाहूल आशा कार्यकर्तीकडून मिळते. फिन्ली यांच्या खबऱ्यांचे काम साधारण त्याच जातीचे होते.

वादळाची बैठक कशी जमते

फिन्ली यांना नकाशावर काय दिसले, हे समजण्यासाठी गडगडाटी वादळ कसे तयार होते ते थोडक्यात पाहू. जमिनीलगत उबदार, दमट हवा असावी लागते. ती वर गेली की थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेमुळे हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. वरच्या थरातली हवा पुरेशी थंड असेल तर हा प्रवास दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच चालू राहतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चारनंतर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे वाढत जाणारे ढग दिसतात, ते याचेच दृश्य रूप.

पण दमट हवा असली की वादळ होतेच असे नाही. पुष्कळदा जमिनीपासून काही उंचीवर उष्ण, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. खालची हवा दिवसभर तापत राहते, पण तिला वर जाता येत नाही. झाकण पक्के राहिले तर दिवस कोरडा जातो. ते दुपारी उशिरा एखाद्या ठिकाणी फुटले तर साठलेली सगळी ऊर्जा तिथून एकदम वर उसळते. प्रेशर कुकर पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

चौथी गोष्ट वाऱ्याची. जमिनीलगत दक्षिणेचा वारा आणि वर गेल्यावर पश्चिमेचा, अधिक जोरदार वारा अशी स्थिती असेल तर वर चढणारी हवा पिळली जाते आणि ढग स्वतःभोवती फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांतूनच सर्वांत घातक टोर्नेडो उतरतात.

अमेरिकेच्या मध्यभागी या चारही गोष्टी वसंत ऋतूत एकत्र येतात. दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखातातील दमट हवा, नैर्ऋत्येच्या पठारांवरून उष्ण आणि कोरडी हवा, उत्तरेकडून थंड हवा, आणि त्यांना अडवायला मध्ये हिमालयासारखी पूर्व-पश्चिम पसरलेली एकही पर्वतरांग नाही.

फिन्ली यांच्याकडे फुगे नव्हते, रडार नव्हते, वरच्या हवेची मोजमापे नव्हती. जमिनीवरच्या नोंदींवरून मात्र त्यांनी एक गोष्ट अचूक हेरली. टोर्नेडो कमी दाबाच्या क्षेत्राभोवती कुठेही येत नाहीत, ते प्रामुख्याने त्याच्या आग्नेय भागात येतात. जिथे दक्षिणेकडून उबदार, दमट हवा ओढली जाते आणि जवळच वायव्येकडून थंड, कोरडी हवा उतरत असते, तिथे धोका सर्वाधिक. तापमान आणि आर्द्रता यांतला हा फरक जितका तीव्र, तितकी शक्यता जास्त. ज्ञानाच्या त्या अवस्थेत ही फार मोठी मजल होती.

मार्च १८८४ चा प्रयोग

१९ फेब्रुवारी १८८४ रोजी अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत एकाच दिवसात अनेक टोर्नेडो आले. त्यात किती माणसे मेली याचा नक्की आकडा कधीच लागला नाही. वस्त्या विखुरलेल्या होत्या आणि मृतांत अनेक गरीब कृष्णवर्णीय होते, ज्यांची मोजदाद कोणी नीट केली नाही. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १० मार्चपासून, फिन्ली यांनी प्रत्यक्ष अंदाज वर्तवायला सुरुवात केली.

रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या प्रदेशाचे त्यांनी १८ भाग पाडले. रोज दोनदा, प्रत्येक भागासाठी, पुढच्या आठ तासांत टोर्नेडोला अनुकूल स्थिती आहे की नाही, एवढेच लिहून ठेवायचे. हे अंदाज लोकांना सांगण्यासाठी नव्हते, पडताळणीसाठी होते. मे अखेरपर्यंत त्यांच्याकडे असे २८०३ अंदाज जमले. त्यांतले २७०८ बरोबर ठरले, म्हणजे ९६.६ टक्के. जुलैमध्ये त्यांनी हा निकाल प्रसिद्ध केला. तिशीतल्या अधिकाऱ्याला अभिमान वाटावा असाच तो आकडा होता.

सप्टेंबरमध्ये ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने त्या आकड्याची उलटतपासणी केली. फिन्ली यांचे अंदाज सुटे करून पाहिले तर चित्र असे होते. शंभर वेळा त्यांनी टोर्नेडो येईल असे म्हटले, त्यांतल्या २८ वेळा तो आला आणि ७२ वेळा आला नाही. २७०३ वेळा त्यांनी येणार नाही असे म्हटले, त्यांतल्या २३ वेळा तो तरीही आला. उरलेल्या २६८० वेळा येणार नाही म्हटले आणि तो आला नाही. म्हणजे ९६.६ टक्क्यांचा जवळजवळ सगळा भार या शेवटच्या, सर्वांत सोप्या रकान्यावर होता. फिन्ली यांनी काहीच अभ्यास न करता रोज प्रत्येक ठिकाणी टोर्नेडो येणार नाही एवढेच लिहिले असते तर ते २७५२ वेळा बरोबर ठरले असते, म्हणजे ९८.२ टक्के. झोपून राहिलेला माणूस जागलेल्या माणसाहून जास्त गुण मिळवत होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्ल्स सँडर्स पर्स या तर्कशास्त्रज्ञाने दुसरा हिशेब सुचवला. खरोखर टोर्नेडो आले अशा ५१ वेळांपैकी किती आधी सांगितले, ते पाहा. ते ५५ टक्के. आणि टोर्नेडो आले नाहीत अशा वेळांपैकी कितींना उगाच घाबरवले, तेही पाहा. ते जेमतेम अडीच टक्के. पहिल्यातून दुसरे वजा करा. उत्तर येते सुमारे ५२ टक्के. काहीही न करता नाही म्हणत बसणाऱ्याला या हिशेबात शून्य मिळते. फिन्ली अव्वल नव्हते, पण त्यांच्या नकाशात खरी माहिती होती, हे या आकड्याने दाखवून दिले.

आता यातली वैद्यकाची गंमत पाहा. १९५० मध्ये विल्यम यूडन या संख्याशास्त्रज्ञाने रोगनिदानाच्या चाचण्यांची गुणवत्ता मोजण्यासाठी एक निर्देशांक मांडला. आजारी माणसांपैकी किती जणांना चाचणी पकडते आणि निरोगी माणसांपैकी किती जणांना ती उगाच आजारी ठरवते, यातला तो फरक. आज जगभर चाचण्या तपासताना तो वापरला जातो. त्याचे सूत्र पर्स यांच्या सूत्राहून वेगळे नाही. टोर्नेडोसाठी काढलेला हिशेब साठेक वर्षांनी कर्करोगाच्या चाचण्यांच्या कामी पुन्हा शोधला गेला.

म्हणून एखाद्या चाचणीची जाहिरात ९५ टक्के अचूक म्हणून केली जाते तेव्हा एवढेच विचारावे: खरोखर आजार असलेल्यांपैकी किती जण पकडले, आणि नसलेल्यांपैकी किती जणांना घोर लावला? आजार दुर्मीळ असेल तर नुसत्या अचूकतेचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही.

शब्दावरच बंदी

आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न येतो. शंभर इशाऱ्यांपैकी ७२ खोटे निघत असतील तर असे इशारे लोकांना द्यावेत का? फिन्ली यांचे म्हणणे होते, द्यावेत. त्यांच्या वरिष्ठांचे मत पुढे उलटे झाले. सिग्नल विभागाची सूत्रे ॲडॉल्फस ग्रीली यांच्याकडे आल्यानंतर असा निष्कर्ष काढण्यात आला की टोर्नेडोच्या अंदाजाने जी घबराट पसरेल तिचे नुकसान खुद्द टोर्नेडोपेक्षा जास्त होईल. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिन्ली यांचे टोर्नेडोचे काम थांबले आणि अधिकृत अंदाजांतून टोर्नेडो हा शब्दच हद्दपार झाला. फार तर जोरदार स्थानिक वादळे असे मोघम लिहायचे. १८९१ मध्ये हवामान खाते लष्कराकडून नागरी प्रशासनाकडे गेले, तरी बंदी तशीच राहिली.

घबराटीची भीती अगदीच निराधार नव्हती. त्या काळी इशारा मिळाला तरी तो गावोगावच्या शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत वेळेत पोहोचवण्याचे साधन नव्हते. एका राज्याएवढ्या प्रदेशाला धोका सांगायचा आणि टोर्नेडो त्यातल्या एका पट्ट्यातच यायचा. बाकीच्यांनी दुसऱ्या वेळी विश्वास ठेवला नसता, ही शंका रास्त होती. पण त्यावर उपाय म्हणून अंदाज सुधारण्याऐवजी तो बंद करण्यात आला. कच्च्या ज्ञानाला वापरात ठेवले तर ते पिकते, आणि कपाटात ठेवले तर तसेच राहते.

फिन्ली यांनी १८८७ मध्ये सामान्य वाचकांसाठी टोर्नेडोवर पुस्तक लिहिले. टोर्नेडो कसा ओळखावा, त्याची नोंद कशी करावी, घराजवळ जमिनीखाली आसरा कसा बांधावा, हे सगळे त्यात होते. त्यातला एक सल्ला मात्र चुकीचा निघाला. तळघराच्या नैर्ऋत्य बाजूला थांबावे, कारण वादळ तिकडूनच येते आणि ढिगारा पुढे ईशान्येला पडतो, असे त्यांना वाटे. तर्क बिनचूक वाटतो. अमेरिकेत कित्येक पिढ्यांनी तो पाळला. १९६६ मध्ये कॅन्ससच्या टोपेका शहरावर टोर्नेडो आल्यानंतर पडलेल्या घरांची प्रत्यक्ष पाहणी झाली, तेव्हा दक्षिण आणि नैर्ऋत्य बाजूच सर्वाधिक धोक्याची निघाली. जमिनीखाली जा हा सल्ला टिकला, कोणत्या कोपऱ्यात जा हा गळून पडला. वैद्यकातही असे होते. तर्काला पटणारा उपचार मोजून पाहिल्याशिवाय खरा मानू नये, हे आम्हीही ठेचा खातच शिकलो आहोत.

वादळांपासून दूर

वादळांच्या नकाशापासून दूर गेलेल्या फिन्ली यांचे पुढचे लष्करी आयुष्य वेगळ्याच दिशेला वळले. फिलिपिन्स अमेरिकेच्या ताब्यात आल्यावर त्यांची नेमणूक तिकडे झाली. १९०३ पासून सुमारे दशकभर ते दक्षिणेकडील झांबोआंगा जिल्ह्याचे गव्हर्नर होते. तेथील मोरो मुस्लिमांना आपला माल फसवणूक न होता विकता यावा म्हणून त्यांनी खास बाजारपेठा सुरू केल्या. पुढे मोरोंच्या वतीने अर्ज घेऊन ते थेट तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दरबारी गेले. एका वसाहतीचा अधिकारी शेवटी परकी सत्ता राबवायलाच तिथे असतो, हे विसरायचे कारण नाही. तरी खबऱ्यांचे जाळे उभारणारा माणूस इथेही लोकांचे म्हणणे ऐकून घेऊन व्यवस्था उभी करताना दिसतो.

लष्करातून निवृत्त झाल्यावर ते पुन्हा वादळे आणि वादळाचा विमा या विषयांकडे वळले. २४ नोव्हेंबर १९४३ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्या कामासाठी आज त्यांचे नाव घेतले जाते, ते काम त्यांनी तिशीच्या आसपासच्या जेमतेम दहा वर्षांत केले होते.

मधल्या काळात बंदीची किंमत लोक मोजत राहिले. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एकच टोर्नेडो सुमारे ३५० किलोमीटर जमीन नांगरत गेला. ६९५ माणसे मरण पावली. त्या दिवशीच्या अधिकृत अंदाजात टोर्नेडो हा शब्द नव्हता. असता तरी सगळे वाचले असते असे कोणी म्हणणार नाही. पण काही गावांना थोडी तरी मुदत मिळाली असती.

टोर्नेडो या शब्दावरील बंदी १९३८ मध्ये उठली, तरी अंदाज वर्तवायला कोणी धजावत नव्हते. २० मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर या हवाई तळावर टोर्नेडो आला आणि एक कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झाले. अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या तेथील दोन हवामान अधिकाऱ्यांना पुढच्या वेळी आधी कळेल असे काही करा, असे सांगण्यात आले. त्यांनी जुन्या टोर्नेडोंचे नकाशे काढून त्यांच्यातली समान लक्षणे शोधली. हीच फिन्ली यांची वाट, फक्त आता वरच्या हवेची मोजमापेही हाताशी होती. पाचच दिवसांनी, २५ मार्चच्या सकाळी, नकाशा तसाच दिसू लागला. दोघांनी इशारा दिला, विमाने आत नेली किंवा बांधून ठेवली गेली, आणि संध्याकाळी त्याच तळावर दुसरा टोर्नेडो आला. त्या दिवशी तळावर कोणी दगावले नाही. १९५२ पासून अमेरिकेच्या हवामान खात्याने टोर्नेडोचे अंदाज जनतेला देणे सुरू केले. फिन्ली यांना हे पाहायला मिळाले नाही.

आजचा सकाळचा नकाशा

आज वसंत ऋतूत अमेरिकेच्या मैदानांवर वादळांचा पाठलाग करणारे अभ्यासक आणि हौशी लोक सकाळी उठून जे करतात, ते फिन्ली यांच्याच कामाचे वाढलेले रूप आहे. ते आधी पाहतात की आखाताकडून आलेले बाष्प कुठवर पोहोचले. मग सकाळी सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींवरून वरची हवा किती थंड आहे आणि उसळी घ्यायला किती ऊर्जा साठली आहे, ते काढतात. मधले झाकण किती पक्के आहे, उंचीबरोबर वारा किती वळतो आहे, आणि दुपारनंतर झाकण फोडणारी सीमारेषा कुठे असेल, याचा अंदाज घेतात. मग नकाशावर एक जागा ठरवून तिकडे गाडी हाकतात. सगळे जमले तरी झाकण फुटत नाही आणि दिवसभराची रपेट निरभ्र आकाशाखाली संपते, असे कितीतरी वेळा होते.

कारण त्यांच्या हातात असते ती शक्यता. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्रही आता होय किंवा नाही असे सांगत नाही. धोक्याच्या पायऱ्या सांगते, आणि अमुक एका ठिकाणापासून पंचवीस मैलांच्या आत टोर्नेडो येण्याची शक्यता किती टक्के, ते सांगते. पाच किंवा दहा टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण एरवी तो शून्याच्या जवळ असतो हे लक्षात घेतले, तर तो दिवस वेगळा आहे हे कळते. फिन्ली यांना १८८४ मध्ये होय-नाही या दोनच रकान्यांत उत्तर लिहावे लागले, आणि त्यांच्यावरची बरीच टीका त्या दोन रकान्यांमुळेच ओढवली.

आपल्यासाठी

महाराष्ट्रात अमेरिकेसारखे टोर्नेडो येत नाहीत. पण वळवाच्या पावसाआधीची गडगडाटी वादळे येतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात शेतात काम करणारी माणसे वीज पडून दरवर्षी प्राण गमावतात. अंदाजाची जुनी अडचण इथेही तीच आहे. हवामान विभाग अनेक जिल्ह्यांना पिवळा किंवा नारिंगी इशारा देतो, आणि वादळ येते ते काही तालुक्यांतच. उरलेल्या ठिकाणी लोक म्हणतात, यांचे नेहमीचेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या दामिनी ॲपवर आपल्यापासून वीस-चाळीस किलोमीटरच्या आत विजा पडत असल्याचा इशारा मिळतो. तोही प्रत्येक वेळी आपल्या शेतापर्यंत येईलच असे नाही.

ओपीडीत माझ्याकडे छातीत दुखते म्हणून दहा जण आले तर बहुतेकांचा इसीजी चांगलाच निघतो. म्हणून अकराव्याचा काढायचा नाही असे आम्ही ठरवत नाही. निष्फळ गेलेल्या तपासणीची किंमत थोडा वेळ आणि थोडा कागद. हुकलेल्या निदानाची किंमत एक माणूस. विजेच्या इशाऱ्याचा हिशेबही असाच मांडावा. अर्धा-पाऊण तास काम थांबवून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसल्याने जे बुडते ते नंतर भरून काढता येते. गडगडाट कानावर येत असेल तर आपण विजेच्या टप्प्यात आहोत असे समजावे. एकट्या उंच झाडाखाली, उघड्या माळावर किंवा पाण्यात थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

आणि कोणी विजेच्या तडाख्यात सापडलेच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज राहिलेली नसते. शक्य असेल तर त्याला आधी उघड्यावरून सुरक्षित जागी हलवा. अनेक जण जखमी असतील तर ओरडणाऱ्यांकडे नंतर पाहा, निपचित पडलेल्याकडे आधी धावा. त्याचा श्वास आणि हृदय बंद पडलेले असले तरी लगेच छाती दाबून कृत्रिम श्वास दिल्यास तो परत येण्याची शक्यता इतर कारणांनी हृदय थांबलेल्यांपेक्षा चांगली असते. १०८ वर लगेच फोन करा, जवळ दुसरे कोणी असेल तर त्याला तो एकाच वेळी करायला सांगा.

फिन्ली यांचे ७२ इशारे वाया गेले, हे खरे. पण ज्या २८ वेळा त्यांचा नकाशा खरा ठरला, त्या वेळी त्या गावांना कोणी काही सांगितले नव्हते. पुढची साठ वर्षे कोणी सांगणारही नव्हते. यंदा वळवाच्या दिवसांत मोबाइलवर इशारा येईल आणि पाऊस येणार नाही, तेव्हा सांगणाऱ्याला हसण्याआधी हा हिशेब एकदा आठवावा.